वादळावर डोळा

पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक आकडा विचारतात. "बंधाऱ्यावर किती?" बंधारा म्हणजे कसबा बावड्याचा राजाराम बंधारा आणि आकडा म्हणजे तिथली पंचगंगेची पातळी, फूट आणि इंचांत. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे इथल्या रिक्षावाल्याला, दुधाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला, पाचवी-सहावीतल्या पोराला पाठ असतात. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की कितव्या नंबरचा उघडला हेसुद्धा गल्लीत चर्चेला येतं. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी भोगावतीत पडतं, आणि ते प्रयाग चिखलीच्या संगमावरून शहरापर्यंत यायला किती वेळ घेईल याचा हिशेब चहाच्या टपरीवर मांडला जातो. पाण्याचा सरकारी इशारा लोकांच्या अंगात इतका मुरलेला आहे. वाऱ्याच्या इशाऱ्याचं मात्र तसं झालेलं नाही. 'ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे' हे वाक्य आपण मोबाईलवर वाचतो आणि बोटानं पुढं सरकवतो. ते वाक्यही ४३ फुटांसारखं घराघरात कळावं, यासाठी धडपडणाऱ्या काही माणसांचं हे पुस्तक आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हौशी हवामान-नोंदकऱ्यांच्या वह्यांमधली निवडक पानं इथं एकत्र केली आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, गुऱ्हाळमालक आहेत, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत, बँकेतले कारकून आहेत. त्यांच्याच इच्छेनुसार नावं गाळली आहेत. गाव, जागेची उंची आणि नोंदीची वेळ तेवढी ठेवली आहे, कारण हवामानाच्या नोंदीला या तीन गोष्टींशिवाय किंमत नाही. वादळ येणार असं कळल्यापासून ते निघून जाईपर्यंत ही माणसं काय काय बघतात, सरकारी इशारा कसा वाचतात, त्यातलं काय आपल्या गावाला लागू करतात आणि काय बाजूला ठेवतात, हे या पानांमधून दिसतं.

चक्रीवादळ हा कोकणचा विषय, घाटावर त्याचं काय, असं पुष्कळांना वाटतं. कोल्हापूर समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे ते अंतर मनात फार वाढतं. अरबी समुद्रातल्या वादळाचे ढग मात्र तीनतीनशे किलोमीटर पसरलेले असतात, आणि बाष्पानं भरलेला वारा सह्याद्रीवर चढला की पाऊस पाडल्याशिवाय पुढं येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती. दोन्ही किनाऱ्यापासून दूर राहिली, तरी अवकाळी पावसानं राज्यभरातल्या शेतकऱ्यांच्या हातातोंडाशी आलेली पिकं नेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापुरानं उभा ऊस कुजवला होताच.

या पुस्तकातला सर्वांत भरीव भाग आहे तो मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाचा. १४ मेला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊ लागला, दुसऱ्या दिवशी त्याला नाव मिळालं, १६ तारखेला ते गोवा आणि सिंधुदुर्गाच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकत होतं आणि १७ च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं. देवगड-मालवणकडच्या हापूसच्या बागा झोपल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे कोल्हापुरात माणसं घरातच होती, त्यामुळे नोंदी नेहमीपेक्षा दाट आहेत. त्यातली एक वही मला फार मोलाची वाटते. भुदरगडातल्या एका शिक्षकांनी गच्चीवर बांबूला जुन्या नायलॉनच्या साडीची पट्टी बांधली आणि दर तासाला फक्त वाऱ्याची दिशा लिहिली. आकडा एकही नाही. पहिल्या पानावर आग्नेय, मग दक्षिण-आग्नेय, दुपारनंतर दक्षिण, आणि पुढच्या दिवशी नैर्ऋत्य. एवढंच.

या चार शब्दांत सगळं वादळ आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. बाईस बॅलट या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये सांगितलेला साधा नियम असा, की वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. जमिनीवर झाडं, घरं, डोंगर वाऱ्याला अडवतात म्हणून ते जरा डावीकडे आणि पुढे धरायचं. आग्नेयेचा वारा पाठीवर घेऊन उभं राहिलं की डावा हात नैर्ऋत्येकडे जातो; त्या दिवशी वादळ तिकडेच, समुद्रात खाली होतं. वारा दक्षिणेचा झाला तेव्हा डावा हात पश्चिमेला गेला, नैर्ऋत्येचा झाला तेव्हा वायव्येला. वादळ उत्तरेकडे निघून चाललं होतं आणि भुदरगडातल्या गच्चीवर ते साडीच्या पट्टीवरून समजत होतं. गुरुजींकडे त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे उपग्रहाचं चित्र बघायची सोयही नव्हती. इशारा आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहणं म्हणजे काय, ते हे पान दाखवतं.

आता सरकारी इशाऱ्याकडे. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत देतो. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा, आणि किनारा गाठायच्या सुमारे १२ तास आधी, आत जमिनीवर काय होईल याचा अंदाज. घाटावरच्या माणसासाठी हा चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी वाचत नाही, कारण तोपर्यंत बातम्यांचे कॅमेरे किनाऱ्यावरच्या लाटांवर खिळलेले असतात. वादळाची प्रतवारीही ठरलेली आहे. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ आणि नाव. ८९ ला तीव्र. ११८ ला अतितीव्र. नकाशावर पुढच्या मार्गाची जी रुंद होत जाणारी पाकळी दिसते, ती वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठं कुठं जाऊ शकतं, त्या शक्यतेचा तो पट्टा असतो. पाकळीच्या बाहेर आपलं गाव आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पाकळीच्या बाहेरही पाऊस पडतो आणि झाडं पडतात.

वेगाच्या आकड्यांवरून होणारी भांडणं या वह्यांत जागोजागी आहेत. एकाच वादळाचा वेग भारतीय पत्रकात कमी आणि अमेरिकी नौदलाच्या केंद्राच्या पत्रकात जास्त दिसतो. मग 'आपलं खातं लपवतंय' अशी कुजबुज सुरू होते. कारण अगदी साधं आहे. आपल्याकडे तीन मिनिटांची सरासरी घेतात, ते एका मिनिटाची घेतात. जितका वेळ लहान तितकी सरासरी चढी. झोत म्हणून जो आकडा येतो तो काही सेकंदांचा असतो आणि दोन्हींच्या वर जातो. हे तीन आकडे एका रांगेत लिहिले की गोंधळ होणारच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर, पत्र्यावर पडणारा त्याचा दाब चौपट होतो. ३० च्या वाऱ्यात खडखडणारा पत्रा ६० च्या वाऱ्यात का राहत नाही, याचं उत्तर तिथं आहे.

वायुभारमापकाचीही एक कथा सांगितली पाहिजे. कोल्हापुरात नव्यानं हे यंत्र घेणारा माणूस हटकून दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातो. यंत्र ९५० च्या आसपास दाखवतं आणि बातम्यांत तर १००८, १००५ असे आकडे येतात. म्हणजे आपल्या घरी महावादळच! शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे एवढा फरक पडायचाच. उंचीची दुरुस्ती केल्याशिवाय आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. त्यानंतर दुसरा पेच. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास ओहोटी. दुपारी काटा उतरलेला बघून घाबरणारा नोंदकरी काही महिन्यांत शिकतो की आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. काल आणि आज यांत फरक पडला, तर मग ढगांकडे बघायचं. हे शिकायला कोणताही अभ्यासक्रम नाही. वही ठेवली की ते येतं.

इथल्या माणसाचं खरं वादळ मात्र समुद्रातून येत नाही. ते चैत्र-वैशाखात माळावरून येतं. वळीव. त्याचे ढग बहुधा पूर्वेकडे उठतात, दुपारी तीन-चारच्या पुढं. सकाळपासून घामानं जीव नकोसा झालेला असतो. मग वारा एकदम पडतो. पान हलत नाही. आणि मग ज्या बाजूला ढग आहे त्याच बाजूनं गार, धुळीचा लोट अंगावर येतो. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो, हवा गार होते, जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी काही मिनिटं येतो तो हा वारा. त्याच्या वाटेत काहीच टिकत नाही. वीटभट्टीवरच्या झोपड्या, पोल्ट्रीचे पत्रे, होर्डिंग, आणि आडसाली ऊस. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस मे महिन्यात डोक्याच्या वर गेलेला असतो. तो एकदा लोळला की उंदरांना मोकळं रान मिळतं, तोडणी अवघड होते आणि उताराही मार खातो.

वळवाचा अंदाज चार दिवस आधी गावनिहाय देता येत नाही. आजच्या विज्ञानाला ते शक्य नाही आणि जो कुणी ते देतो त्याच्याकडे सावधपणे बघावं. शक्य आहे ती तीन तासांची तात्काळ सूचना. रडारवर ढग दिसला की मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून ती निघते: पुढील तीन तासांत कोल्हापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. आपल्याला जवळचं डॉपलर रडार पणजीचं, म्हणजे जवळपास १४० किलोमीटरवरचं. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण इथवर येईपर्यंत जमिनीपासून दोनेक किलोमीटर वर गेलेला असतो. ढगाचं पोट त्याला दिसतं, जमिनीवरून धावणारा वारा दिसत नाही. ती उणीव माणूसच भरू शकतो. हातकणंगल्यात वारा सुटला की तिथल्या नोंदकऱ्यानं वेळ घालून दोन शब्द पाठवायचे, आणि पुढं करवीरमधल्या माणसानं गोठ्याकडे जायचं. पुस्तकातल्या मंडळींनी ही साखळी आपसांत लावली आहे आणि तिचे नियम फार कडक ठेवले आहेत.

त्यातला पहिला नियम प्रत्येक मराठी घरानं उचलावा असा आहे. वेळ नसलेला इशारा पुढं पाठवायचा नाही. तीन तासांची सूचना संध्याकाळी पाचला संपते आणि रात्री दहाला कुणीतरी ती मावशीला पाठवतो, मावशी पहाटे भजनी मंडळाला पाठवते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलेलं असतं आणि सगळे म्हणतात, खात्याचं नेहमीचंच आहे. दुसरा नियम, दहा दिवसांपुढच्या संगणकी नकाशाचं चित्र कुणाला दाखवायचं नाही. विंडीसारख्या ॲपवर कुणालाही युरोपचं आणि अमेरिकेचं प्रारूप बघता येतं, आणि मे-जूनमध्ये त्यातलं एखादं दहाव्या दिवशी अरबी समुद्रात भलामोठा भोवरा काढतंच. दुसऱ्या दिवशी तो नाहीसा होतो. एकट्यानं अभ्यासासाठी तो बघावा, रोज बघावा, प्रारूपं कशी चुकतात ते टिपून ठेवावं. पण त्याचं चित्र 'महाराष्ट्रावर महासंकट' अशा मथळ्यानं फिरवणं हा समाजद्रोह आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे. खोट्या धास्तीनं थकलेला माणूस खऱ्या इशाऱ्याला उठत नाही.

रंगांबद्दलही थोडं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हाला. पण रंग जिल्ह्याला मिळतो आणि आपला जिल्हा एकजिनसी नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळात पाचशेच्या आसपास. एकाच नारिंगी रंगाखाली गगनबावड्यातला माणूस सवयीनं खांद्यावर इरलं टाकून निघतो आणि शिरोळातला आकाशाकडे बघून हसतो. आणि तीन दिवसांनी तेच पाणी शिरोळच्या दारात येतं. अलीकडे हवामान विभाग कोल्हापूरचा घाटभाग वेगळा काढून इशारा देऊ लागला आहे. हा बदल फार चांगला आहे आणि तो लोकांपर्यंत नीट पोचलेला नाही. राज्याच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडलांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसली, त्यांच्या आकड्यांशी घरच्या पर्जन्यमापकाचे आकडे ताडून बघणारं एक अख्खं टिपण या पुस्तकात आहे. ते जरा कोरडं वाटेल. सोडू नका.

आपल्या स्मरणावर विसंबणं किती महाग पडतं ते २०१९ नं दाखवलं. घर सोडा असं सांगत यंत्रणा फिरत होती, तेव्हा पंचगंगेकाठच्या कितीतरी माणसांनी भिंतीवरची २००५ ची खूण दाखवली. तेव्हा इथंवर आलं होतं, आता त्याच्या वर कशाला येतंय? पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बुडाला, माळ्यावर आणि गच्चीवर अडकलेल्या माणसांना बोटीतून काढावं लागलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पातळी ५६ फुटांच्या घरात गेली, पण आंबेवाडी-चिखलीकडची पुष्कळ माणसं या वेळी जनावरं घेऊन आधीच निघाली होती. इशारा तोच होता. मधल्या दोन वर्षांत आकडा वाचायची रीत बदलली होती. वाऱ्याच्या बाबतीत असा धडा मिळायची वाट बघू नये, एवढ्याचसाठी ही माणसं झटत आहेत.

इशाऱ्याची ही व्यवस्था आपसूक उभी राहिलेली नाही. १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर रॉयल चार्टर हे जहाज वादळात बुडालं, शेकडो माणसं गेली, त्यानंतर ॲडमिरल फिट्झरॉय यांनी तारेच्या मदतीनं बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे १८६४ च्या वादळानं कलकत्ता उद्ध्वस्त केलं, पाठोपाठ दुष्काळ आले, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. कोकणातल्या बंदरांवर आजही इशाऱ्याचे बावटे चढतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' ही बातमी आपण लहानपणापासून ऐकत आलो. एक नंबर दूरच्या वादळाचा, तीन नंबर बंदरावरच जोराचा वारा येण्याचा, आठ ते दहा महाधोक्याचे.

आणि अकरा नंबर. हा बावटा फार कमी लोकांना ठाऊक असतो. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि वादळ येण्याचा धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याचं स्वतःचं मत झालं आहे, असा त्याचा अर्थ. सगळ्या व्यवस्थेनं कागदावर लिहून ठेवलं आहे की एक वेळ अशी येईल, जेव्हा वरून काही कळणार नाही आणि जागेवरच्या माणसालाच ठरवावं लागेल. महापुरात शहराची वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, तेव्हा घाटावरही ती वेळ आली होती. तेव्हा ज्यांच्याकडे वही होती, ज्यांनी वारा आणि पाणी रोज बघितलं होतं, त्यांच्या शब्दावर गल्ली हलली. हौशी माणसाला या देशाच्या हवामानव्यवस्थेत जागा कुठं आहे असं मला विचारतात, तेव्हा मी या बावट्याचं नाव सांगतो. संपर्क आहे तोवर सरकारी इशाऱ्याच्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही, तो जसाच्या तसा, वेळेसकट, आपल्या वस्तीला समजेल अशा भाषेत पोचवायचा. संपर्क तुटला तर निर्णय घेता येईल इतका अभ्यास आधी करून ठेवायचा.

पुस्तकाच्या शेवटी पर्जन्यमापक कसा लावावा, सकाळी साडेआठलाच नोंद का घ्यावी, झाडाच्या फांद्या आणि धुराची दिशा बघून वाऱ्याचा वेग कसा अजमावावा, याची साधी माहिती दिली आहे. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहायचं असतं, रकाना मोकळा सोडायचा नसतो, हेही तिथं आहे. वादळाचा अंदाज चुकला तर तोही तारखेसह लिहून ठेवावा असा या मंडळींचा आग्रह आहे आणि त्यांनी आपल्या चुकलेल्या नोंदी इथं न गाळता छापल्या आहेत.

जाता जाता वाचकांकडे एक मागणं. साखर कारखान्यांच्या शेती विभागात, पाटबंधारे खात्याच्या जुन्या वसाहतींत, शाळांच्या कपाटांत, वाड्यांच्या माळ्यावर पावसाच्या आणि वाऱ्याच्या नोंदवह्या पडून आहेत. कुणाच्या आजोबांनी रोजच्या जमाखर्चाशेजारी 'आज सायंकाळी मोठा वारा, आंबा पडला' असं लिहून ठेवलेलं असतं. अशा वह्या रद्दीत जाताना मी पाहिल्या आहेत. घरात एखादी सापडली तर आधी तिच्या पानांचे फोटो काढा, मग ज्या गावची ती आहे त्या गावातल्या शाळेला किंवा कॉलेजच्या भूगोल विभागाला दाखवा. या पुस्तकाच्या पुढच्या भागाचं काम सुरू आहे आणि त्यात १९८९ च्या आधीची पानं फारच थोडी आहेत.